सुटलेल्यांचा हिशेब: राष्ट्रीय रोगप्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम कसा चालवावा

ऑगस्ट 2016 मध्ये नायजेरियाच्या बोर्नो राज्यात पोलिओमुळे लुळेपणा आलेली दोन मुले आढळली. त्याआधीची दोन वर्षे त्या देशातून नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण कळवला गेला नव्हता आणि सप्टेंबर 2015 मध्ये पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून नायजेरियाचे नाव वगळण्यातही आले होते. सापडलेल्या विषाणूची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्याचे जवळचे नाते 2011 मध्ये त्याच राज्यात शेवटचा दिसलेल्या विषाणूशी निघाले. याचा अर्थ, मधली सारी वर्षे तो तिथेच फिरत होता. संघर्षामुळे ज्या वस्त्यांत आरोग्य कर्मचारी पोहोचू शकत नव्हते, त्या वस्त्यांतून अहवालही येत नव्हता, आणि न आलेला अहवाल देशाच्या आकड्यात शून्य म्हणून मिसळून गेला होता.

राष्ट्रीय पातळीवरच्या कोणत्याही रोगनियंत्रण कार्यक्रमाची धुरा हाती घेणाऱ्याने हा प्रसंग प्रथम समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. कार्यक्रमाची यंत्रणा स्वभावतः झालेल्या कामाची मोजणी करते: किती डोस दिले, किती नमुने तपासले, किती घरांत फवारणी झाली. रोग मात्र राहून गेलेल्यांमध्ये टिकून असतो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी, उद्दिष्ट ठरवण्यापासून यश मिळाल्यानंतरच्या पहाऱ्यापर्यंत, एकाच प्रश्नाभोवती रचली आहे: कोण सुटले, आणि ते आपल्याला कसे कळणार?

उद्दिष्टाचा शब्द जपून निवडावा

नियंत्रण, दूरीकरण आणि निर्मूलन हे तीन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण कार्यक्रमाच्या दृष्टीने त्यांत फार मोठे अंतर आहे. नियंत्रण म्हणजे रोगाचा भार ठरवलेल्या मर्यादेखाली आणणे आणि प्रयत्न चालू ठेवून तो तिथे राखणे. दूरीकरण म्हणजे एखाद्या भूभागातील स्थानिक संक्रमण थांबवणे. मात्र बाहेरून रोग परत येण्याची शक्यता तिथे कायम असते. निर्मूलन म्हणजे जगभरातून रोगाचे संक्रमण कायमचे संपवणे, आणि माणसांच्या रोगांपैकी ते आजवर फक्त देवी या रोगाच्या बाबतीत साधले आहे. देवीचा नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर 1977 मध्ये सोमालियात सापडला आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य सभेने निर्मूलनाची घोषणा केली.

यांपैकी काय शक्य आहे, हे रोगाच्या स्वभावावर ठरते; घोषणेतील उत्साहाने ते बदलत नाही. देवीच्या विषाणूला माणसाबाहेर आसरा नव्हता, रुग्ण नजरेने ओळखता येत असे आणि लस उष्णतेत टिकणारी होती. याउलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पीतज्वराच्या निर्मूलनाचे प्रयत्न झाले, तेव्हा तो विषाणू जंगलातील माकडांमध्येही राहतो हे ठाऊक नव्हते, आणि ते उमगल्यावर निर्मूलनाचे उद्दिष्ट सोडून द्यावे लागले. उद्दिष्ट लिहिण्यापूर्वी म्हणून चार गोष्टींची उत्तरे कागदावर असावीत: प्राण्यांत किंवा पर्यावरणात रोगाचा साठा आहे का, लक्षणे नसलेल्या व्यक्तीकडून लागण होते का, निदानाची चाचणी शेवटच्या आरोग्य केंद्रात करता येते का, आणि हाती असलेला उपाय किती काळ संरक्षण देतो. उत्तरे प्रतिकूल असतील, तर नियंत्रणाचे प्रामाणिक उद्दिष्ट ठेवण्यात कमीपणा नाही.

छेद दुरुस्त केल्याशिवाय टक्केवारी लिहू नये

व्याप्ती म्हणजे लक्ष्य गटातील किती जणांपर्यंत सेवा पोहोचली, याचे प्रमाण. तिच्या प्रत्येक टक्केवारीत वर अंश असतो आणि खाली छेद. अंश नोंदवहीतून येतो म्हणून त्याची तपासणी होते. छेद बहुधा जुन्या जनगणनेवरून अंदाजाने काढलेला असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही. एखाद्या जिल्ह्याची लसीकरण व्याप्ती 112 टक्के आली, तर तिथे लक्ष्य गटाची संख्या कमी धरली आहे, शेजारच्या भागातील मुले येत आहेत, किंवा नोंदी दोनदा होत आहेत, यांपैकी काहीतरी नक्की घडते आहे. अशा आकड्यावर समाधानी होऊन पुढे जाणे धोक्याचे आहे, कारण त्या 112 टक्क्यांच्या आत एखादी आख्खी वस्ती लसीविना असू शकते.

छेद सुधारण्याची खात्रीची वाट म्हणजे वस्तीनिहाय यादी. प्रत्येक आरोग्य केंद्राने आपल्या हद्दीचा हाताने काढलेला का होईना, पण नकाशा ठेवावा आणि त्यावर कायम वस्त्यांबरोबर बांधकामाची ठिकाणे, हंगामी मजुरांचे तळ, भटक्या समूहांचे थांबे आणि दोन केंद्रांच्या हद्दींवर पडणाऱ्या वस्त्या दाखवाव्यात. हद्दीवरच्या वस्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. दोन्ही केंद्रांचे कर्मचारी ती वस्ती दुसऱ्याकडे आहे असे समजून चालतात, आणि हे समज वर्षानुवर्षे तसेच राहतात. शेजारच्या केंद्रांचे नकाशे एकमेकांशेजारी ठेवून कडा जुळवण्याचे काम एका बैठकीत होते. त्याने जितका फायदा होतो, तितका महागड्या सर्वेक्षणानेही क्वचितच होतो.

गोवराचे उदाहरण घेऊन सुटलेल्यांची बेरीज करून पाहावी. एका भागात दरवर्षी 10,000 मुले जन्मतात, त्यांपैकी 90 टक्के मुलांना नवव्या महिन्यात लसीचा एक डोस मिळतो आणि त्या वयात डोसाची परिणामकारकता सुमारे 85 टक्के असते, असे धरू. संरक्षण मिळाले 7,650 मुलांना, उरली 2,350. चार वर्षांत ही संख्या 9,400 होते, म्हणजे जवळजवळ एका वर्षात जन्मलेल्या सर्व मुलांइतकी, आणि एवढी असुरक्षित मुले जमली की मोठा उद्रेक होण्याची वेळ आली असे समजावे. अहवालात चारही वर्षे 90 टक्केच दिसत राहतात. दोन्ही डोसांची व्याप्ती 95 टक्क्यांच्या वर ठेवण्याचा आग्रह यामुळेच धरला जातो.

सूक्ष्म नियोजन खालून वर यावे

राजधानीत बसून तयार केलेला आराखडा निधी मागण्यासाठी उपयोगी पडतो. काम करण्यासाठी केंद्रनिहाय सूक्ष्म नियोजनच लागते. त्यात कोणत्या दिवशी, कोणत्या वस्तीत, कोणता कर्मचारी, कोणत्या वाहनाने जाणार, लस किंवा औषध कुठून उचलणार आणि काम झाल्यावर उरलेला साठा कुठे परत करणार, हे लिहिलेले असावे. पावसाळ्यात कोणते रस्ते बंद होतात आणि कोणत्या वेळी माणसे घरी सापडत नाहीत, हे त्या केंद्राच्या परिचारिकेला ठाऊक असते. ती ज्या बैठकीत नाही, त्या बैठकीत तिच्या गावांचे वेळापत्रक ठरवू नये.

निधीचे वेळापत्रक रोगाच्या वेळापत्रकाशी जुळवणे हे राष्ट्रीय व्यवस्थापकाचे स्वतःचे काम आहे, आणि ते खाली ढकलता येत नाही. डासांविरुद्धची फवारणी संक्रमणाचा हंगाम सुरू होण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. आर्थिक वर्षाचे हप्ते उशिरा सुटतात म्हणून ती हंगामाच्या मध्यावर होत असेल, तर खर्च पूर्ण दिसतो आणि संरक्षण अर्धेही मिळत नाही. हंगामापासून मागे मोजत जावे: फवारणी, त्याआधी प्रशिक्षण, त्याआधी साहित्याचा पुरवठा, त्याआधी खरेदी आणि त्याआधी मंजुरी. मागे मोजताना मंजुरीची तारीख बहुधा आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते. तसे असेल तर आगाऊ मंजुरीची तरतूद नियमांतच करून घ्यावी.

साठा: औषध संपल्याचा दिवस हाही आकडाच आहे

मागणी ठरवताना सरासरी मासिक वापर, पुरवठ्याला लागणारा काळ आणि राखीव साठा या तीन गोष्टी लागतात. महिन्याला 1,000 गोळ्या लागत असतील, माल यायला तीन महिने लागत असतील आणि दोन महिन्यांचा राखीव साठा ठेवायचा असेल, तर साठा 5,000 वर येताच मागणी गेली पाहिजे. इथे एक चूक वारंवार होते. एखाद्या केंद्रात 30 दिवसांपैकी 10 दिवस औषधच नव्हते आणि उरलेल्या 20 दिवसांत 600 गोळ्या वापरल्या गेल्या, तर खरी गरज महिन्याला 900 गोळ्यांची आहे. नोंदवहीतील 600 हा आकडा उचलून पुढची मागणी केली, तर टंचाई स्वतःलाच जन्म देत राहते, आणि औषधाविना परत गेलेला रुग्ण हिशेबात कुठेच येत नाही. म्हणून मासिक अहवालात शिल्लक साठ्याबरोबर औषध उपलब्ध नसलेल्या दिवसांचाही रकाना असावा.

लसीच्या बाबतीत तपमानाचा प्रश्न वेगळा पाहावा लागतो. बहुतेक लसी अधिक 2 ते अधिक 8 अंश सेल्सिअस या तपमानात ठेवल्या जातात. उष्णतेची भीती सर्वांना असते, पण हिपॅटायटिस बी, धनुर्वात आणि पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) यांसारख्या लसी गोठल्या तरी निकामी होतात, आणि बर्फाला चिकटून ठेवलेल्या बाटलीबाबत कर्मचाऱ्याला उलट समाधान वाटत असते. केंद्राला भेट देताना बाटली स्वतः हातात घेऊन पाहावी. वेष्टनावर व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारे चिन्ह असते, आणि त्याच्या वर्तुळात एक चौकोन असतो. तो भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस वापरता येते, आणि चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की बाटली बाजूला काढायची. हे चिन्ह केवळ उष्णतेची नोंद ठेवते, गोठण्याची नाही. गोठल्याचा संशय आला तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवावी, मग ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी ठेवाव्यात. संशयित बाटलीतील साका गोठवलेल्या बाटलीइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर तळाशी बसला, तर ती लस वापरू नये.

सर्वेक्षण: ‘निरंक’ या शब्दामागे काय आहे

सर्वेक्षण म्हणजे इथे रोगावर सतत ठेवलेली पाळत. कार्यक्रमातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, असे माझे मत आहे. रुग्ण नसल्याचा निरंक अहवाल आणि अहवालच न येणे, या दोन गोष्टी नोंदीत वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. किती केंद्रांनी अहवाल पाठवला आणि किती केंद्रांनी तो वेळेत पाठवला, हे रुग्णसंख्येच्या वर छापावे, म्हणजे वाचणाऱ्याला आधी आकड्याची किंमत कळेल आणि मग आकडा.

परंतु नियमित येणारा निरंक अहवालही खरा आहे कशावरून? याचे फार सुंदर उत्तर पोलिओ कार्यक्रमाने दिले. मुलांना अचानक लुळेपणा येण्याची पोलिओखेरीज इतरही कारणे असतात आणि ती पोलिओ संपल्यावरही चालू राहतात. त्यामुळे 15 वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी असा पोलिओ नसलेला लुळेपणाचा रुग्ण कळवला गेला पाहिजे, असा निकष ठरला. ज्या भागातून तेवढेही रुग्ण येत नाहीत, तिथे कोणी शोधत नाही असा अर्थ घ्यायचा. प्रत्येक रुग्णाचे शौचाचे दोन नमुने, किमान 24 तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत घ्यायचे, आणि निदान 80 टक्के रुग्णांबाबत हे साधले पाहिजे. आपला रोग कोणताही असो, असा एखादा पार्श्वभूमीचा आकडा शोधावा: पुरळ आणि तापाचे गोवर नसलेले रुग्ण, हिवतापासाठी तपासलेले पण नकारात्मक आलेले रक्तनमुने, क्षयरोगासाठी तपासलेले थुंकीचे नमुने. तपासणीच कमी झाली असेल, तर रुग्ण कमी झाले या विधानाला आधार उरत नाही.

सरासरी वाचून थांबू नये. एखाद्या आरोग्य केंद्राची नोंदवही समोर घ्यावी आणि पाने उलटावीत. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या, महिनाअखेरीच्या एकाच दिवशी लिहिलेल्या दिसल्या, तपमानाच्या तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ रोज नेमका तोच अंश दिसला, तर ती वही रुग्णांकडून नव्हे, वरिष्ठांच्या भीतीतून भरली गेली आहे. अशा वेळी कर्मचाऱ्यावर कारवाईचा विचार करण्याआधी एक गोष्ट तपासावी: गेल्या वर्षी ज्या केंद्राने जास्त रुग्ण कळवले, त्याचे पुढे काय झाले? त्याला स्पष्टीकरण मागणारे पत्र गेले असेल, तर बाकीच्या केंद्रांनी त्यातून धडा घेतला आहे. रुग्ण शोधून कळवणाऱ्याला मदत, मनुष्यबळ आणि शाबासकी मिळाली पाहिजे. देवी निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात रुग्ण कळवणाऱ्यास रोख बक्षीस ठेवले होते आणि रुग्ण कमी होत गेले तशी त्याची रक्कम वाढवत नेली होती. शेवटचा रुग्ण हा सर्वांत मोलाचा असतो, हे त्या कार्यक्रमाने पैशाच्या भाषेत सांगितले.

उद्रेकाला उत्तर

पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची सुरुवात गिनीमध्ये डिसेंबर 2013 मध्ये झाली आणि रोग ओळखला गेला मार्च 2014 मध्ये. मधल्या तीन महिन्यांत विषाणूला जी मोकळीक मिळाली, तिची किंमत पुढे तीन देशांनी मोजली. म्हणून वेळेचे मोजमाप आधीच ठरवून ठेवावे. सध्या 7-1-7 हा निकष उपयोगी ठरतो: उद्रेक सुरू झाल्यापासून 7 दिवसांत तो लक्षात यावा, 1 दिवसात सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळावा आणि त्यानंतर 7 दिवसांत प्रतिसादाची सुरुवातीची कामे पूर्ण व्हावीत. प्रत्येक उद्रेकानंतर या तीन तारखा लिहून काढाव्यात आणि जिथे उशीर झाला तिथले नेमके कारण दूर करावे: प्रयोगशाळेपर्यंत नमुना नेणारे वाहन नव्हते, की खासगी डॉक्टरांना कुठे कळवायचे हे माहीत नव्हते.

प्रतिसादात साठा आणि माणसे कुठे लावायची, हेही सुटलेल्यांच्या शोधावरच अवलंबून असते. देवीच्या कार्यक्रमात सुरुवातीला 80 टक्के लोकसंख्येला लस देण्याचे धोरण होते. डिसेंबर 1966 मध्ये पूर्व नायजेरियात डॉ. विल्यम फेगी यांच्याकडे सर्वांना पुरेल इतकी लस नव्हती, म्हणून त्यांनी मिशनऱ्यांच्या रेडिओ संपर्काचा उपयोग करून रुग्ण असलेली गावे शोधली आणि तिथे व त्यांच्या संपर्कातील गावांत लस दिली. साखळी तुटली. पुढे शोध आणि वेढा हीच पद्धत जगभर स्वीकारली गेली, आणि भारतात घरोघरी शोधमोहिमा काढून मे 1975 मध्ये शेवटच्या रुग्णापर्यंत पोहोचता आले.

दीर्घकाळच्या उपचारांत रुग्णगटाचा पाठपुरावा

क्षयरोग, एचआयव्ही, कुष्ठरोग, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांत निदान ही केवळ सुरुवात असते. टांझानियात 1970 च्या दशकाच्या अखेरीस कारेल स्टिब्लो यांनी क्षयरोग कार्यक्रमासाठी जी पद्धत बसवली, तिचे सामर्थ्य एका साध्या नियमात होते: एका तिमाहीत नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय त्या तिमाहीचा हिशेब बंद होत नाही. बरा झाला, उपचार पूर्ण केले, मृत्यू झाला, उपचार अयशस्वी ठरले, पाठपुराव्यातून सुटला, किंवा परिणाम नोंदला गेला नाही. सर्वांची बेरीज मूळ नोंदणीइतकी आली पाहिजे. शेवटच्या दोन गटांत कार्यक्रमाची खरी स्थिती दिसते. उपचार मध्येच थांबलेल्या रुग्णाला पूर्वी कसूर करणारा म्हटले जाई. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द बदलून पाठपुराव्यातून सुटलेला असा शब्द आणला, आणि तो बदल योग्यच होता, कारण त्यामुळे प्रश्न रुग्णाकडून यंत्रणेकडे वळला.

रक्तदाबासारख्या आजारांत तपासणी शिबिरांची संख्या मोजण्याचा मोह आवरावा. समाजातील अंदाजित रुग्ण, त्यांपैकी निदान झालेले, त्यांपैकी उपचार चालू असलेले आणि त्यांपैकी रक्तदाब आटोक्यात असलेले, ही उतरती शिडी दर तिमाहीला काढावी. ज्या पायरीवर सर्वांत जास्त गळती दिसेल, तिथे पुढचा पैसा घालावा. निदानानंतर देण्यासाठी औषध नसेल, तर तपासणीची मोहीम पुढे ढकलावी.

पर्यवेक्षण

भेटीचे ठिकाण सोयीने निवडले जाऊ नये. ज्या केंद्राची गळती सर्वाधिक, ज्याचे अहवाल सर्वांत उशिरा किंवा ज्याचे आकडे संशयास्पद चांगले, तिथे आधी जावे. पहिला डोस घेतलेल्यांपैकी तिसऱ्या डोसापर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर तिथली सेवा माणसांना एकदा येऊन पुन्हा न येण्याजोगी वाटते आहे, असे समजावे आणि त्याचे कारण पालकांनाच विचारावे. नोंदवहीतील पाच नावे घेऊन त्यांच्या घरी जाणे आणि वाटेतील पाच घरांतील मुले नोंदवहीत आहेत का ते पाहणे, एवढे दोन उलटसुलट तपास अर्ध्या दिवसात होतात. परतण्यापूर्वी काय सुधारायचे, कोणी आणि कधीपर्यंत, हे त्याच केंद्राच्या वहीत लिहून सही करावी, आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्याच पानापासून करावी.

रोग कमी झाल्यानंतर

कार्यक्रम सर्वांत जास्त डगमगतात ते यशाच्या उंबरठ्यावर. भारतात 1965 मध्ये हिवतापाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास आले होते. 1976 मध्ये ते सुमारे 64.7 लाख झाले. यॉज या त्वचारोगाविरुद्ध 1952 ते 1964 या काळात 46 देशांत मोहीम चालली, रुग्ण 95 टक्क्यांनी घटले, मग ते काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले, तिथे त्याला वेगळा निधी आणि जबाबदार माणूस उरला नाही, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस रोग पुन्हा दिसू लागला. श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, 1963 मध्ये हिवतापाचे केवळ 17 रुग्ण नोंदले गेले होते. फवारणी थांबली, पाळत सैल झाली आणि 1968-69 च्या उद्रेकात पाच लाखांहून अधिक माणसे आजारी पडली.

स्वतंत्र कार्यक्रम सर्वसाधारण सेवेत विलीन करण्यास हरकत नाही, पण विलीन करण्याच्या आदेशात चार गोष्टी नावानिशी लिहिलेल्या असाव्यात: सर्वेक्षणासाठी जबाबदार पद, नमुना तपासणारी प्रयोगशाळा, औषधांचा किमान साठा आणि तातडीने वापरता येणारी रक्कम. प्रत्येक रुग्णाची चौकशी आता आठवड्यांत नव्हे, दिवसांत झाली पाहिजे. रुग्ण थोडे असल्यामुळे तेवढा वेळ प्रत्येकाला देता येतो. ज्यांनी कधी तो रोग पाहिलेला नाही अशा तरुण डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना ठरावीक काळाने ओळखीच्या नमुन्यांवर तपासावे, नाहीतर पहिला परतलेला रुग्ण त्यांच्या हातून निसटेल.

श्रीलंकेने दुसऱ्या खेपेस हे सारे केले. स्थानिक लागणीचा शेवटचा रुग्ण 2012 मध्ये नोंदला गेला, सप्टेंबर 2016 मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, तरी डासांची पाहणी बंद झाली नाही. त्यानंतर काही महिन्यांतच मन्नार बेटावरच्या नेहमीच्या पाहणीत अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्साय हा शहरी भागात हिवताप पसरवणारा डास त्या देशात प्रथमच सापडला. त्या वेळी देशात स्थानिक हिवतापाचा एकही रुग्ण नव्हता, आणि डास शोधणारी माणसे मात्र कामावर होती.